रस्ता देऊ केला, तर लढाई

रेश्मा परराष्ट्रमंत्री झाली, ती काही कुणी तिची हुशारी पाहून नव्हे. चांगली खाती आधीच उडाली होती म्हणून. भरे गावातून लवळ्याच्या टेकडीवर स्कूटीनं यायचं म्हणजे निम्मा वेळ खड्डे चुकवण्यात जातो आणि उरलेला निम्मा चुकलेल्या खड्ड्यांना शिव्या देण्यात. ती वर्गात पोचली तोवर लातूरच्या ऋषिकेशनं सेनापतीपद पटकावलं होतं. तेही असं, की जणू पंगतीतलं पहिलं पान धरलंय. गुप्तहेर खातंही गेलं होतं. फळ्यावर एकच जागा रिकामी होती, आणि तिथं मॅडमनी खडूनं 'रेश्मा' लिहून टाकलं.

"परराष्ट्रमंत्री म्हणजे नुसती पाया पडत फिरणार तू," ऋषिकेश म्हणाला.

"आणि तू काय करणार रे? चहाच्या टपरीपर्यंत तरी चालत जातोस का कधी?" रेश्मा म्हणाली.

आता हा सगळा प्रकार काय, ते आधी सांगायला हवं. टेकडीवरच्या त्या विद्यापीठात परराष्ट्र धोरण शिकणाऱ्या मुलांसाठी हेमलता मॅडम दरवर्षी दोन दिवसांचा एक युद्धखेळ घेत. मॅडम लष्करातून निवृत्त झालेल्या. पण लष्करात त्यांचं खातं रसदीचं. गोळ्या झाडायचं नव्हे, गोळ्या आणि कणीक वेळेवर पोचवायचं. त्यामुळे त्यांच्या खेळात शौर्याला भाव कमी आणि ट्रकच्या टायरला जास्त. टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला असे. त्यात दोन मनातले देश. डोंगरदेश लहान, पठारदेश मोठा. मध्ये एक खिंड आणि त्या खिंडीतून जाणारा एकुलता एक रस्ता. तो मॅडमनी तुटक लाल रेघेनं काढलेला आणि बाजूला लिहिलेलं, 'अतिशय खराब'.

डोंगरदेशाचं मंत्रिमंडळ वर लवळ्यात बसायचं, पठारदेशाचं खाली नांदे गावात, दुसऱ्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये. तिथल्या मुलांचा परराष्ट्रमंत्री होता निषाद. मूळ नागपूरकडचा, पण वडील हिंजवडीत नोकरीला म्हणून नांद्यात फ्लॅट घेऊन राहिलेला. मोबाईल दोन्हीकडचे पहिल्याच सकाळी जमा. चिठ्ठीचपाटी चालणार नाही. जे काही म्हणायचं ते मंत्र्यानं स्वतः जाऊन समोरच्या मंत्र्याला तोंडानं सांगायचं, मग तो तह असो की युद्ध.

"युद्ध पुकारायलापण स्वतः जायचं?" कुणीतरी विचारलं.

"अर्थात," मॅडम म्हणाल्या. "जाऊन सांगितल्याशिवाय युद्ध सुरू झालं असं मी धरणार नाही. जाता-येता जो वेळ लागेल तो लागेल. वेळ हाच तर सगळा खेळ आहे."

रेश्माला हे दूत होऊन फिरणं काही नवीन नव्हतं. गेला महिना-दीड महिना तिच्या घरात तेच चाललं होतं.

त्याचं असं झालं. भऱ्यातल्या त्यांच्या आळीचा रस्ता फाट्यापर्यंत रुंद करायचा घाट गावानं घातला होता. सगळ्यांनी आपापल्या रानाची कडेची पट्टी सोडली. राहिले एकटे हैबतराव, म्हणजे रेश्माचे आबा. "पट्टी देणार न्हाई," एवढंच म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "आदी रोलर येतोय, आन रोलरच्या मागनं कोन येतंय ते मी बघितलंय." गावाचं काम अडलं. लोक रेश्माला पाहून तोंड फिरवायला लागले, आणि रोज त्याच रस्त्यावर कंबर मोडून घेणाऱ्या रेश्माचंही डोकं फिरलं. ग्रामसभेत ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यांना गाव पुढं जायला नको, त्यांनी गावाची वाट अडवून बसू नये. मग तो माझा बाप का असेना!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हैबतरावांनी मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि निघून गेले.

तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, पण घरातलं हे काही जुळेना. सगळी बोलणी आईमार्फत. तिघं एकाच चुलीपुढं हाताच्या अंतरावर जेवायला बसायची आणि हैबतराव म्हणायचे, "तुज्या लेकीला सांग, स्कूटीच्या मागच्या चाकात हवा कमी हाय."

"आई, आबांना सांग, सकाळीच भरलीय."

"आगं, मी काय टपालवाली हाय व्हय गं?" चंद्राबाई करवादायच्या. पण निरोप पोचवायच्या. आणि नुसता पोचवायच्या नाहीत, मधल्या मध्ये धुऊन-वाळवून पोचवायच्या. हैबतराव म्हणाले, "आली का उंडारून म्हाराणी?" की त्या स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, "दमलीस का, ईचारत्यात." रेश्मा म्हणाली, "ज्यांना गावाचं पडलं नाही त्यांनी माझं विचारू नये," की त्या बाहेर जाऊन सांगायच्या, "थोडी दमलीय म्हनती." रेश्माला हे ठाऊक होतं, आबांनाही ठाऊक असणार. पण त्यामुळे घर चालू राहिलं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र रेश्माला ती डोक्यावर चढवलेली टोपी दिसायची, आणि आबा आपल्याशी आता कधी बोलतील की नाही, याचा विचार करत ती कूस बदलत राहायची.

तर खेळाचा पहिला दिवस. ऋषिकेश नकाशावर वाकला आणि पाच मिनिटांत त्यानं पठारदेश जिंकूनही टाकला.

"पहाटे निघायचं, खिंड ओलांडायची, उजाडायच्या आत त्यांच्या राजधानीत. रणगाडे पुढे, बाकीचे मागे. विषय संपला."

"रणगाडा जाईल," मॅडम म्हणाल्या. "रणगाडा कुठूनही जातो. पण त्याच्या मागे डिझेलचा टँकर जातो, आणि तो कुठूनही जात नाही. या रस्त्यावर तुझा पहिला ट्रक खिंडीत आडवा होणार आणि त्याच्या मागे सगळी पलटण हॉर्न वाजवत उभी राहणार. जेवणाचं काय केलंयस?"

"जेवण… जिंकल्यावर तिकडेच जेवू."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ऋषिकेशची स्वारी पुढं ढकलली. मग त्यानं तिसऱ्या एका मित्रदेशाकडून दारूगोळा मागवला. मित्रदेशानं कबूलही केला, पण मॅडमनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आणणार कुठून?" रस्ता तोच. दारूगोळा मित्रदेशाच्या वखारीत राहिला आणि मैत्री भाषणात. पठारदेशाचीही तीच गत असणार, कारण त्यांच्याकडूनही दिवसभरात कुणी आलं नाही. दोन्हीकडे नुसती डरकाळी, हालचाल शून्य.

संध्याकाळी निषाद वर आला, धुळीनं पांढरा झालेला. आला तो सरळ रेश्मापुढं उभा राहिला. "आमच्या दोन तक्रारी आहेत. तुमच्या बंधाऱ्यानं आमचं पाणी अडलंय, आणि तुमच्या त्या रस्त्यानं आमचा टोमॅटो. बाजारात पोचेपर्यंत त्याचा रस होतो. उत्तर द्या." एवढं बोलून तो दोन ग्लास पाणी प्यायला आणि गेला.

त्या रात्री रेश्माला झोप लागेना. पाणी सोडायला मंत्रिमंडळ तयार होणार नव्हतं. पण रस्ता? रस्ता तर देता येईल! आणि कसा द्यायचा? अर्धामुर्धा नव्हे, आपल्या खर्चानं, खिंडीतून थेट त्यांच्या गावाच्या वेशीपर्यंत, गुळगुळीत डांबरी. तिला स्वतःलाच भरून आलं. भऱ्याच्या पोरीच्या लेखी याच्यापुढं दान नव्हतं. पोटच्या पोरीचा हात द्यावा तसं हे रस्ता देणं होतं. ज्यानं रस्ता करून देतो म्हटलं त्याला तिच्या गावानं तीन वेळा निवडून दिलं होतं, आणि रस्ता अर्धा तरी केला म्हणून चौथ्यांदाही.

सकाळी मंत्रिमंडळानं प्रस्ताव डोक्यावर घेतला. ऋषिकेशसुद्धा गप्प बसला. थोडा जास्तच गप्प बसला, पण रेश्माच्या ते ध्यानात आलं नाही. भिकूच्या रिक्षाला पांढरा रुमाल बांधून ती नांद्याकडं निघाली. हा भिकू विद्यापीठाच्या फाटकावर उभा असायचा आणि दोन दिवसांसाठी मॅडमनी त्याची रिक्षा सांगून ठेवली होती.

"ताई, हा रुमाल कशाला वो? कोन गेलं काय?"

"शांततेचा आहे."

"मग घट बांदा. उतारावर उडून जाईल."

नांद्याच्या हॉलमध्ये ती उभी राहिली आणि तिनं आपलं दान जाहीर केलं. आता टाळ्या वाजणार, म्हणून जरा थांबली. टाळ्या नाहीत. निषादच्या तोंडाचा रंग उतरला होता. पठारदेशाचे बाकीचे मंत्री एकमेकांच्या कानाला लागले. मग निषाद म्हणाला, "म्हणजे तुम्ही हल्ला करणार आहात."

"हल्ला? अरे, रस्ता देतेय मी!"

"तेच म्हणतोय. तुमच्या सेनापतीचे ट्रक त्या खिंडीतून निघणार नाहीत, म्हणून आम्ही काल निवांत झोपलो. आमचं अख्खं संरक्षण खातं त्या खड्ड्यांवर चाललंय. आणि तू येऊन म्हणतेस, खड्डे बुजवून देते, आमच्या वेशीपर्यंत देते, तेपण फुकट. फुकट कोण देतं गं? रस्ता करणारा रस्ता करून थांबतो का कुठं? आधी रोलर येतो, मग त्याच्या मागून येतात ते खरे."

शब्द निषादचे नव्हतेच. हे रेश्मानं आपल्या घरात ऐकलं होतं, पन्नासदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी हा म्हाताऱ्याचा हेका म्हणून सोडून दिलं होतं.

"पण तुम्हीच म्हणालात ना, टोमॅटोचा रस होतो?"

"रस झालेला परवडला." निषादनं मागं वळून आपल्या लोकांकडं पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. "चार वाजेपर्यंत परत ये आणि हा प्रस्ताव तुझ्या तोंडानं मागे घे. नाही आलीस, तर मी स्वतः वर येईन आणि युद्ध पुकारीन. रस्ता व्हायच्या आत लढलेलं बरं."

झालं! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. देणाऱ्याला वाटलं आपण सोनं देतोय, घेणाऱ्याला दिसली सुरी. रिक्षात बसून वर येईपर्यंत रेश्मा रागानं धुमसत होती. निषादवर, रस्त्यावर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःवर. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही?

वर आल्यावर ऋषिकेश तर खुर्चीवरून उठून नाचायचाच बाकी राहिला. "गुलाल आणा रे! युद्ध!"

"तुला माहीत होतं?" रेश्मानं विचारलं. "रस्ता देतो म्हटलं की ते घाबरतील, हे?"

"घाबरतील ते ठाऊक नव्हतं. पण रस्ता झाला की माझे ट्रक जातील, एवढं कळत होतं. तू इतक्या प्रेमानं बोलत होतीस, म्हटलं आडवं कशाला यावं."

म्हणजे निषाद चुकलेला नव्हताच! रेश्माचं दान खरं होतं आणि त्या दानामागं दबा धरून बसलेला हा पठ्ठ्याही खरा होता. तिनं कपाळावर हात मारला. मग जी वादावादी जुंपली, ती काही विचारू नका. प्रस्ताव मागं घेतला तर आपण घाबरलो असं होतं, हे एका बाजूचं म्हणणं. नाही घेतला तर खिंडीत आडव्या झालेल्या ट्रकमध्ये उपाशी मरायचंय, हे दुसऱ्या बाजूचं. दुपारची जेवणं झाली, ताटं गेली, तरी तेच. शेवटी रेश्मा वैतागून मॅडमकडं गेली. मॅडम खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. खेळात त्या सल्ला देत नसत. त्यांनी फक्त विचारलं, "त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, हे तू त्यांना विचारलंस?"

"नाही."

"मग गेली होतीस कशाला?"

रेश्मानं मंत्रिमंडळाला विचारलंसुद्धा नाही. तडक खाली आली आणि भिकूच्या रिक्षात बसली. "भिकूदादा, पळवा!"

"पळवा म्हणायला काय जातंय, ताई. रिक्षा हाय, हरीण न्हाई."

टेकडीच्या उताराला दुसऱ्या वळणावर रिक्षा थांबली. पुढं गाड्यांची ही रांग. नांद्याच्या सोसायट्यांना पाणी पोचवणारा एक टँकर वळणावरच्या खड्ड्यात मागचं चाक घालून आडवा बसला होता. इकडून रिक्षा, टेम्पो, कंपनीची बस, तिकडूनही तेवढंच. मोटारसायकलसुद्धा निघायला जागा नाही. भिकूनं इंजिन बंद केलं आणि पाय वर घेतले. "आता हितंच संसार मांडा."

रेश्मा उतरून धावत सुटली. टँकरपाशी पोचली तेव्हा चार कधीच वाजून गेले होते. आणि टँकरच्या पलीकडं, धुळीत, मित्राच्या गाडीवरून उतरून कोण उभा? निषाद! कपाळाला आठ्या, ओठ हलताहेत. युद्ध पाठ करत होता बिचारा.

तिला पाहताच त्यानं छाती भरून श्वास घेतला. "डोंगरदेशाच्या परराष्ट्रमंत्री…"

रेश्मानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि टँकरच्या मागं पळाली.

"ए! हे चालत नाही! समोर ये!"

"नाही येत! मी अजून पोचलेच नाहीये! मी रस्त्यात आहे!"

तो डावीकडून आला की ती उजवीकडं. तो उजवीकडून की ती डावीकडं. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, काहीतरी प्रेमप्रकरण दिसतंय. कंपनीच्या बसमधून कुणीतरी शिट्टी वाजवली. शेवटी टँकरचा ड्रायव्हरच खेकसला. "ओ भैया, ओ दीदी! दौडना है तो पत्थर लेके दौडो! चाक के नीचे लगाओ!"

आता एवढी माणसं हात लावत असताना दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी नुसतं उभं राहायचं कसं? दोघं कडेच्या चरातून दगड वाहायला लागले. चार-पाच खेपा झाल्यावर निषादचा युद्धाचा जोर ओसरला. मोठा दगड होता, तो दोघांनी मिळून उचलला, आणि त्या दगडावरून रेश्मानं विचारलं, "निषाद, एक सांग. तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?"

"हे सकाळी विचारायचं होतंस."

"हो, चुकलं. आता विचारते."

त्यानं दगड चाकाखाली सारला आणि शर्टाला हात पुसले. "रस्ता नकोय असं नाही गं. टोमॅटो खरंच सडतोय. पण तुम्ही एका रात्रीत आमच्या दारात नकोत. हळू आलात, तर काय करायचं ते आम्हाला ठरवता येतं. बोलायचं, लढायचं, की चहा ठेवायचा. एकदम आलात की काहीच ठरवता येत नाही."

रेश्मा टँकरकडं बघत उभी राहिली. हा आडवा पडला नसता, तर निषाद मघाशीच वर पोचला असता आणि एव्हाना युद्ध सुरू झालं असतं.

"असं केलं तर?" ती सावकाश म्हणाली. "तुमच्या बाजूचा घाट तुम्ही करा, आमच्या बाजूचा आम्ही. पण खिंडीतला मधला तुकडा आहे तसाच ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही. टोमॅटोचा टेम्पो डुलत डुलत जाईल. पलटण नाही जाणार."

"थोडा टोमॅटो फुटेल."

"फुटेल तेवढ्याची चटणी करा."

निषाद हसला. बराच वेळ हसला. "आणि पाण्याचं?"

"ते पुढच्या वर्षीच्या बॅचला ठेवू."

टँकर हलला, लोकांनी आरोळी ठोकली, आणि तह झाला. वर हॉलमध्ये दोघांनी मिळून तो सांगितला तेव्हा ऋषिकेश तोंड पाडून बसला. मॅडमनी मात्र पुन्हा एकदा सांगायला लावलं, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं हा खेळ घेतेय. खड्डा राखायचा करार केलेले तुम्ही पहिलेच." त्या खूश होत्या की नाही ते कळलं नाही, पण उरलेलं संत्रं त्यांनी दोघांना वाटून दिलं.

संध्याकाळी स्कूटीवरून भऱ्याला येताना रेश्मा फार हळू आली. दिवसभर परक्याशी बोलायला तिची जीभ एकदाही अडखळली नव्हती, आणि आता घर जवळ येत चाललं तरी पहिलं वाक्य जुळेना. आबा उठून आत गेले तर? ऐकलंच नाही असं दाखवलं तर?

हैबतराव अंगणात भाताच्या पेंढ्याची गंजी रचत होते. चंद्राबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. रेश्मा गंजीपाशी गेली आणि म्हणाली, "आबा."

सवयीनं चंद्राबाईच उठल्या. "काय सांगू त्यास्नी?"

"काय न्हाई, आई. तू बस."

हैबतरावांचा पेंढीचा हात थांबला. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"आबा, सभेत मी लई बोलले. चार लोकांत बोलले. त्याआदी तुमाला काय ईचारलंच न्हाई. आज ईचारते. पट्टी दिली तर तुमाला भ्या कशाचं वाटतंय?"

हैबतरावांचा हात पुन्हा चालू झाला. एक पेंढी लावली, दुसरी लावली. रेश्मानं मनात उत्तरं मांडून ठेवली होती. एजंटांचं, बंगलेवाल्यांचं, धुळीचं, गाड्यांचं. त्यातलं एकही आलं नाही.

"माजंच," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"वरचं टेपाडाचं रान इकलं, तवा काय झालं ठावं हाय का तुला? रातभर मी पाठ केलं हुतं. न्हाई म्हनायचं. कितीबी दिलं तरी न्हाई. सकाळी घेनारा मानूस आला; तवा रस्ता नवा हुता, गाडी दारापातूर. उतरला, मला दादा म्हनला, तुज्या आयेला वैनी म्हनला. आन माज्या तोंडातनं 'न्हाई' निगंना. निगालंच न्हाई, पोरी." त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "आता ऱ्हायलंय येवढंच रान. तसलेच घेनारे रोज फाट्यापातूर येत्यात, रस्ता बगत्यात आन माघारी जात्यात. गाव म्हनतंय, हैबतराव लई ताठ. कसला ताठ? रस्ता गुळगुळीत झाला आन गाडी दारात आली, तर मी ह्ये बी देऊन बसंन. माज्यात न्हाई म्हनायचा दम न्हाई. ह्ये सभेत उटून सांगू व्हय?"

अख्खं गाव ज्याला हेकट म्हणत होतं, रेश्मा स्वतः ज्याला गावाचा वैरी म्हणाली होती, तो माणूस एवढे दिवस आपल्याच होकाराला भिऊन बसला होता. आणि हे सांगायला त्याला कुणी नव्हतं, कारण विचारलंच कुणी नव्हतं.

"मग गाडी आली की मला हाक मारा," ती म्हणाली. "तुमी नका बोलू. 'न्हाई' मी सांगीन."

"तू काय जल्मभर हितं असणार हायेस?"

"नसले तर फोन लावा. गाडीवाल्याच्या हातात द्या. तितनं सांगीन. आमी दोन दिवस त्योच धंदा केलाय."

हैबतराव पहिल्यांदा वळले. लेकीकडं पाहिलं, तिच्या केसांतली धूळ पाहिली. ओट्यावर चंद्राबाईंच्या सुपातला तांदूळ केव्हाचा थांबला होता.

"पट्टी देतो," ते म्हणाले. "पर सरपंचाला मी न्हाई सांगायचा. येवढे दिस नाडून धरलं, आता कुटल्या तोंडानं सांगू? सभा हाय येत्या आयतवारी. त्या दिशी माज्या विरुद उबी ऱ्हायलीस न्हवं, तशीच उबी ऱ्हा. आवाज बी तेवडाच पायजे. पर आता माज्या बाजूनं बोल."

दोन दिवस तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या परराष्ट्रमंत्र्याला "व्हय आबा" एवढंच बोलता आलं, तेही रडत रडत.